पगार विचारलास, झोप विचारलीस का?

केसनंद फाटा मागे टाकून नगर रोडनं लोणीकंदकडे निघालं की गोदामांच्या भिंतींवर, विजेच्या खांबांवर, ढाब्यांच्या काउंटरवर एक जाहिरात हमखास दिसते. ‘ट्रेलर ड्रायव्हर पाहिजे. चांगला पगार + भत्ता. राहण्याची सोय.’ खाली एक मोबाईल नंबर. बस्स, एवढंच. किती तास काम, घरी कधी जायला मिळणार, गाडीवर काय माल असणार, दंड झाला तर कोण भरणार, यातलं काहीच तिथं नसतं. नंबर मात्र ठळक असतो.

आता आपलं बघा. कॅम्पसला एखादी कंपनी येणार म्हटलं की आपण आठवडाभर आधी तिची कुंडली काढतो. पॅकेज किती, त्यातलं हातात किती, बॉण्ड आहे का, नोटीस पिरियड किती, मॅनेजर कसे आहेत, शनिवार सुट्टी आहे का. सिनियर्सच्या ग्रुपवर मेसेज टाकतो, ‘तिकडे जाऊ का?’ आणि तासाभरात चार जण आपापला अनुभव सांगतात. ऑफर लेटर आल्याशिवाय पेढे कोणी वाटत नाही.

चाळीस फुटी ट्रेलर घेऊन रांजणगावहून न्हावा शेवाला जाणारा माणूस कंपनी कशी निवडतो? गावाकडचा कोणीतरी तिथं आधीपासून असतो म्हणून. मामानं सांगितलं म्हणून. शेठ ‘माणूस चांगला आहे’ म्हणून. ॲडव्हान्स लगेच मिळाला म्हणून. आपण ज्याला करिअर म्हणतो, त्यातला सगळ्यात जोखमीचा निर्णय तो एका फोनवर घेतो. त्याचं डोकं कमी चालतं म्हणून असं होत नाही. विचारायची सोयच नसते आणि उत्तर लिहून द्यायची पद्धतच नसते.

आमचं म्हणणं साधं आहे. ट्रेलरची कंपनी निवडताना पगाराच्या आकड्याइतकंच झोप, माल बांधण्याचा वेळ आणि दंडाची जबाबदारी याबद्दल विचारलं पाहिजे. आणि हे सगळं एका कागदावर लिहून देणं कंपन्यांनी सुरू केलं पाहिजे. हा विषय युवा पानावर कशाला, असं वाटत असेल तर आपल्याच वर्गात नजर फिरवा. नगर, बीड, लातूर, परभणीकडून वाघोलीत शिकायला आलेल्या किती जणांचे वडील, काका, मोठे भाऊ स्टीअरिंगवर आहेत? आणि पदवी हातात घेऊन वर्षभर परीक्षांचे फॉर्म भरत बसल्यावर ‘त्यापेक्षा हेवी लायसन्स काढतो’ असं म्हणणारा एखादा मित्र तुमच्याही ग्रुपमध्ये असेलच. मोटार वाहन कायद्यानुसार मालवाहू गाडीच्या लायसन्ससाठी वयाची २० वर्षं पूर्ण लागतात आणि त्याआधी हलक्या वाहनाचं लायसन्स किमान एक वर्ष हातात असावं लागतं. म्हणजे हा निर्णय बरोबर आपल्याच वयात घेतला जातो.

उघड्या पाठीची गाडी

सगळे ट्रक सारखे नसतात. कंटेनर म्हणजे बंद डबा. दार सील होतं, आत काय आहे आणि कसं रचलंय याच्याशी चालकाचा फारसा संबंध येत नाही. फ्लॅटबेड ट्रेलरला भिंतीही नाहीत आणि छप्परही नाही. पुढे इंजिन आणि केबिनचा ‘घोडा’, मागे नुसता सपाट पाट. त्यावर लोखंडी पत्र्याची गुंडाळी म्हणजे कॉइल, बांधकामाच्या सळया, मोठ्या मशिन, पाईप, क्रेनचे भाग. रायगडमधल्या डोलवीच्या पोलाद कारखान्यातून निघणारा पत्रा, जालन्याच्या कारखान्यांतल्या सळया, रांजणगाव-सणसवाडीच्या एमआयडीसीत येणारी यंत्रं, हे सगळं अशाच पाठीवरून फिरतं.

इथं माल आणि रस्ता यांच्यामध्ये फक्त साखळ्या, पट्टे, लाकडी गुटके आणि ताडपत्री असते. जोरात ब्रेक मारला की गाडी थांबते, माल मात्र पुढेच जायला बघतो. अकरावीला न्यूटनचा पहिला नियम पाठ केला होता, तो हाच. अमेरिकेतल्या नियमानुसार माल असा बांधलेला असला पाहिजे की ब्रेक मारल्यावर पुढच्या बाजूला त्याच्या वजनाच्या ०.८ पट जोर आला तरी तो हलता कामा नये. २० टनांची कॉइल घेतली तर हा जोर झाला १६ टनांचा. आणि कॉइल पुढे सरकली तर तिच्या वाटेत पहिली येते ती चालकाची केबिन. बोरघाट उतरणाऱ्या ट्रेलरवाल्याच्या पाठीमागे हे गणित दर वळणावर बसलेलं असतं.

म्हणून फ्लॅटबेडचा चालक गाडी चालवतो तेव्हा त्याचं अर्धंच काम दिसतं. उरलेलं अर्धं काम बांधण्याचं आणि तपासण्याचं. गाडी हलली, खड्डे लागले की माल बसतो आणि ताणलेली साखळी सैल पडते. तिथल्या नियमानुसार चालकानं पहिल्या ८० किलोमीटरच्या आत थांबून बांधणी पुन्हा तपासायची असते आणि पुढेही ठरावीक टप्प्यांवर तपासत राहायचं असतं. आपल्याकडचा अनुभवी चालकही हेच करतो. चहाला थांबला की आधी गाडीभोवती एक फेरी मारतो, साखळीला लाथ घालून बघतो, मग चहा घेतो. प्रश्न असा आहे की या फेरीचे पैसे त्याला कोण देतं? भर पावसात ओल्या मालावर चढून ताडपत्री ओढताना पाय घसरला तर ते काम कामात धरलं जातं का? अमेरिकेत काही कंपन्या ताडपत्री घालण्याचे वेगळे पैसे देतात. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी हे ‘ड्रायव्हरचंच काम’ या दोन शब्दांत उरकतं.

पगाराचं गणित

ट्रेलरच्या धंद्यात पैसे देण्याच्या साधारण तीन तऱ्हा आहेत. पहिली, महिन्याचा ठरलेला पगार आणि बाहेर असताना रोजचा भत्ता. दुसरी, खेपेवर पैसे, म्हणजे जितक्या खेपा तितकी कमाई. तिसरी, उक्तं. डिझेल, वाटखर्च, सगळं धरून एक रक्कम हातात द्यायची, वाचेल ते चालकाचं.

ऐकायला तिसरी तऱ्हा सगळ्यात भारी वाटते. हुशार माणूस जास्त कमावणार, असं आपल्याला वाटतं. पण उक्त्यात वाचवायचं कुठून? टोल तर वाचत नाही, फेब्रुवारी २०२१ पासून फास्टॅग सक्तीचा आहे आणि पैसे थेट खात्यातून जातात. हमाली, पार्किंग, वाटेतलं चहापाणी टळत नाही. उरतं डिझेल, स्वतःचं जेवण आणि वेळ. म्हणजे चालक उतारावर गाडी न्यूट्रलला टाकून डिझेल वाचवतो, एक वेळ वडापाववर भागवतो आणि झोप कापून एक खेप वाढवतो. २० नोव्हेंबर २०२२ ला पुण्यात नवले पुलाजवळच्या उतारावर एका ट्रकनं कित्येक गाड्यांना धडक दिली, तेव्हा चालकानं उतारावर इंजिन बंद केलं होतं, असं पोलिसांनी सांगितलं होतं. उतारावर गिअर काढला किंवा इंजिन बंद केलं की इंजिनाचा रोध संपतो, सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात आणि मग धरत नाहीत. ही चूक चालकाचीच. पण ज्या धंद्यात डिझेलचा ‘ॲव्हरेज’ दाखवला की शाबासकी मिळते आणि कमी पडला की पगारातून कापतात, तिथं ही चूक पुन्हा पुन्हा होणार. कंपनी पैसे कशाचे देते, त्यावर गाडी कशी चालणार हे बरंचसं ठरतं.

खेपेवरच्या पैशांतला दुसरा सापळा म्हणजे थांबणं. शहरात अवजड गाड्यांना ठरावीक वेळी बंदी असते. कारखान्याच्या गेटवर नंबर लागतो. क्रेन रिकामी नसते, कागदपत्रात खोट निघते, शनिवारी दुपारी पोहोचलं तर माल सोमवारी उतरतो. वाघोलीच्या पुढे रस्त्याकडेला रात्री रांगेनं उभे दिसणारे ट्रेलर आपल्याला नुसता अडथळा वाटतात. त्यातल्या प्रत्येक केबिनमध्ये एक माणूस विनापगार वाट बघत असण्याची दाट शक्यता आहे. अशा खोळंब्यासाठी बरेच ट्रान्सपोर्टवाले माल मागवणाऱ्या पार्टीकडून ‘हॉल्टिंग’ लावतात. त्यातलं चालकापर्यंत किती येतं, हा प्रश्न जॉइन होतानाच विचारायला हवा. खेपांवर कमाई असेल आणि गाडी महिन्यातले आठ दिवस गेटवर उभी राहिली, तर जाहिरातीतला ‘चांगला पगार’ कागदावरच राहतो.

झोपेचा मालक कोण?

१९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्यानं चालकाच्या कामाचे तास ठरवून दिले होते. दिवसाला ८, आठवड्याला ४८. लांब पल्ल्याच्या गाडीला परवानगी घेऊन दिवसाला १० आणि आठवड्याला ५४. सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती. आठवड्यातून एक सुट्टी. जादा कामाला दुप्पट दर. २१ नोव्हेंबर २०२५ पासून या कायद्याची जागा नव्या कामगार संहितेनं घेतली आहे, पण दिवसाला आठ तासांचं मूळ सूत्र तिथंही आहे. शिवाय कामगाराला नियुक्तीपत्र देणं मालकावर बंधनकारक झालं आहे.

वाचायला छान आहे. आता यातली मेख बघा. जुना कायदा पाच किंवा जास्त कामगार असलेल्या वाहतूक व्यवसायाला लागू होता, नव्या संहितेत तो आकडा दहा आहे. आपल्याकडचे बहुतेक ट्रकमालक मोजक्या गाड्यांचे. म्हणजे चार ट्रेलर असलेल्या शेठकडे काम धरलं तर हा कागद मागायला कायद्याचा आधारच उरत नाही. म्हणून मोठी कंपनी की लहान मालक, ही निवड नुसती पगाराची नसते. मोठ्या कंपनीत पीएफ, विमा, नियुक्तीपत्र मिळण्याची शक्यता जास्त, पण नियमही कडक आणि केबिनमध्ये कॅमेरा. लहान मालक अडीअडचणीला उसने पैसे देतो, गावी लग्न असेल तर गाडी थांबवतो, पण सगळं तोंडी. दोन्हींत फायदे-तोटे आहेत. फक्त काय सोडून काय घेतोय, ते माहीत असायला हवं.

तासांचा हा विषय वाघोलीला परका नाही. डिसेंबर २०२४ मध्ये केसनंद फाट्याजवळ मध्यरात्री एक डंपर फुटपाथवर झोपलेल्या माणसांवर गेला. अमरावतीहून कामासाठी आलेली ती माणसं होती. तिघांचा जीव गेला, त्यात दोन लहान मुलं होती. चालक दारू प्यायलेला होता, असं पोलिसांनी सांगितलं. दारू पिऊन गाडी चालवणाऱ्याचं समर्थन कोणीच करू नये, आम्हीही करत नाही. पण त्या आठवड्यात आपण सगळ्यांनी रागानं ज्या पोस्ट टाकल्या, त्या चालकापाशी येऊन थांबल्या. मध्यरात्री अवजड गाडीची किल्ली हातात देताना चालक कोणत्या अवस्थेत आहे, हे बघायची पद्धत या धंद्यात किती ठिकाणी आहे, हा प्रश्न कमी जणांनी विचारला. पीएमपीच्या बसनं कॉलेजला येणारे, गाडीवर ट्रिपल सीट जाणारे, फाट्यावर रस्ता ओलांडणारे आपण सगळे त्याच रस्त्यावर असतो. त्याची झोप पुरी झाली की नाही, हा आपल्याही जिवाचा प्रश्न आहे.

झोप देता येते, हे दाखवून झालेलं आहे. २०१४ मध्ये सुरू झालेल्या रिव्हिगो कंपनीनं खो-खोसारखी पद्धत आणली होती. चालक काही तास गाडी चालवणार, ठरलेल्या थांब्यावर दुसऱ्याच्या ताब्यात देणार आणि उलट दिशेची गाडी घेऊन घराकडे परतणार. गाडी थांबत नाही, माणूस मात्र घरी जातो. कंपनी तोट्यात राहिली आणि २०२२ मध्ये तिचा मुख्य व्यवसाय महिंद्रा लॉजिस्टिक्सनं घेतला, हेही खरं. फ्लॅटबेडला ही पद्धत जशीच्या तशी लागू पडेल असंही नाही, कारण माल ज्यानं बांधला त्यालाच त्याची बांधणी कळते. पण चालकानं पंधरा-पंधरा दिवस घर बघायचंच नाही, हा काही निसर्गाचा नियम नाही, एवढं यातून कळतं.

एक बदल मात्र कायद्यानं होतो आहे. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मध्यम आणि अवजड ट्रकच्या केबिनला एसी सक्तीचा आहे. एप्रिल-मे महिन्यात इंजिनाच्या डोक्यावर बसून बारा तास घाम गाळणाऱ्याला हा शौक वाटणार नाही. कंपनी निवडताना गाडी कोणत्या सालची आहे, हे विचारण्याचं हे एक नवं कारण.

दंड कुणाच्या खिशातून?

मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर क्षमतेपेक्षा जास्त माल भरला तर २० हजार रुपये दंड आणि वरच्या प्रत्येक टनाला २ हजार. माल गाडीच्या बॉडीबाहेर आला, बाजूला, मागे किंवा मर्यादेपेक्षा उंच गेला, तरी २० हजार. फ्लॅटबेडला हा दुसरा नियम जास्त लागतो, कारण सळया बाहेर काढायचा मोह तिथंच होतो. मागे लोंबणाऱ्या सळया रात्री दिसत नाहीत आणि मागून येणारा दुचाकीवाला त्यावर आदळतो. सेव्हलाइफ फाउंडेशन या संस्थेनं हा विषय सर्वोच्च न्यायालयात नेला, २०१४ मध्ये केंद्रानं नियम बदलून असा माल नेण्यावर बंदी घातली. तरी एखादी संध्याकाळ नगर रोडवर उभे राहा, बंदी कितपत पाळली जाते ते दिसेल.

इथं कायद्याचे शब्द नीट वाचण्यासारखे आहेत. दंड गाडी चालवणाऱ्याला आहेच, शिवाय चालवायला लावणाऱ्याला आणि चालवू देणाऱ्यालाही आहे. म्हणजे कायदा मालकाकडे बोट दाखवतो. प्रत्यक्षात मात्र ई-चालान मालकाच्या नावावर येतं आणि महिनाअखेरीला चालकाच्या हिशेबातून कापलं जातं, ही तक्रार या धंद्यात जुनी आहे. माल किती भरायचा हे चालक ठरवत नाही. वजनकाटा त्याच्या हातात नाही. ‘एवढं घेऊन जा, बघू’ असं सांगणारा वेगळा आणि नाक्यावर हात जोडणारा वेगळा. म्हणून कंपनी निवडताना एक प्रश्न सगळ्या प्रश्नांचा बाप आहे: जास्त वजन असेल किंवा बांधणी पटली नाही, तर ‘नेत नाही’ म्हणायची मुभा आहे का? आणि तसं म्हटल्यावर दुसऱ्या दिवशी नोकरी राहते का?

माल चढवणारा आणि माल नेणारा

महाराष्ट्रात या गोष्टीची दुसरी बाजू आपल्यासमोरच आहे. ट्रकवर पोतं चढवणाऱ्या माणसाचं आयुष्यही एकेकाळी असंच तोंडी चालायचं. पुण्यात बाबा आढाव यांनी हमाल पंचायत उभी केली, मुंबईत अण्णासाहेब पाटील यांनी माथाडी कामगारांना एकत्र आणलं आणि १९६९ मध्ये माथाडी कायदा झाला. त्यानुसार मालक मजुरी आणि वर ठरलेली लेव्ही मंडळाकडे भरतो आणि मंडळ त्यातून मजुरी, पीएफ, औषधोपचार बघतं. कामगार एका मालकाचा नसला तरी त्याला हक्क मिळतात, ही त्यातली युक्ती. या कायद्याच्या नावाखाली उद्योगांकडून वसुली करणारेही निघाले आणि चाकण-रांजणगाव पट्ट्यात त्याच्या तक्रारी होतात, हे मान्य करायलाच हवं. पण मूळ कल्पनेनं हमालाला माणूस म्हणून कागदावर आणलं.

त्याच गाडीवर चढून ती हजार किलोमीटर नेणाऱ्याला तसं काही मिळालं नाही. कारण उघड आहे. हमाल रोज एकाच बाजारात, एकाच अड्ड्यावर भेटतात. चालक भेटतात ते ढाब्यावर, अर्ध्या तासासाठी, आणि चार दिशांना पांगतात. जानेवारी २०२४ च्या पहिल्या दोन दिवसांत अपघात करून पळून जाण्याच्या नव्या कलमाविरुद्ध ते देशभर एकदम थांबले, तेव्हा पेट्रोल पंपांवर आपण लावलेल्या रांगा आठवत असतील. ते कलम सरकारनं लागू करणं लांबणीवर टाकलं. एकत्र आल्यावर त्यांचं ऐकलं गेलं. कंपनी निवडताना मात्र प्रत्येक जण एकटा असतो.

मालकाचंही ऐकू या

ट्रेलरमालकाला व्हिलन करून हा लेख संपवणं सोपं आहे, पण ते खरं होणार नाही. नवा ट्रेलर कर्जावर घेतलेला असतो, हप्ता दर महिन्याला जातो, गाडी उभी असली तरी जातो. डिझेल रोख भरायचं आणि पार्टीकडून भाडं मात्र दोन-तीन महिन्यांनी यायचं. मध्ये ब्रोकर. परतीचा माल मिळाला नाही तर रिकामी गाडी आणायची. ॲडव्हान्स घेऊन चालक गाडी वाटेत सोडून गेला, असंही घडतं. ‘चालकच मिळत नाहीत’ ही मालकांची तक्रार खोटी नाही.

पण नेमकं म्हणूनच कागदावर बोलणं त्यांच्याही फायद्याचं आहे. पोरं या धंद्यात का येत नाहीत? गाडी चालवायला आवडत नाही म्हणून? आपल्या पिढीइतकं गाडीचं वेड कोणाला असेल! पोरं येत नाहीत कारण बापाला घरी बघितलेलंच नसतं. ज्याच्याकडे तास, सुट्टी आणि हॉल्टिंग लिहून मिळतं, त्याच्याकडे चालक टिकेल. टिकलेला चालक टायर जपतो, माल जपतो आणि रस्त्यावरचा माणूसही जपतो.

आणि शिकलेल्या माणसानं या धंद्यात येऊच नये, हाही गैरसमज काढून टाकायला हवा. मूळ नंदुरबारच्या योगिता रघुवंशी यांच्याकडे वाणिज्य आणि कायद्याची पदवी आहे. पतीच्या निधनानंतर घर चालवायची वेळ आली तेव्हा वकिलीतून हातात काही पडायला वेळ लागणार होता, म्हणून त्यांनी भोपाळहून ट्रक चालवायला घेतला आणि मुलं वाढवली. पदवी वाया गेली, असं म्हणणाऱ्यांनी एवढाच विचार करावा की वाटेत कागद दाखवायची वेळ आल्यावर कलम वाचता येणारा चालक आणि न येणारा चालक यांत फरक पडतो की नाही.

जॉइन होण्याआधी विचारायचे प्रश्न

तुम्ही, तुमचा भाऊ किंवा मित्र ट्रेलरवर जाणार असाल, तर फोन लावण्याआधी हे लिहून ठेवा.

१. पैसे महिन्याचे, खेपेचे की उक्ते? गाडी गेटवर उभी राहिली तर दिवसाचे किती?

२. महिन्यात घरी किती दिवस? ते सलग की तुटक?

३. माल कोण बांधतो? साखळ्या, पट्टे, गुटके, ताडपत्री कंपनीची की स्वतःची? जुनी झाली तर बदलून किती दिवसांत?

४. जास्त वजन किंवा कच्ची बांधणी असेल तर नकार देता येतो का? चालान कोण भरतं?

५. सोबत क्लीनर किंवा दुसरा चालक असतो का? रात्री सलग किती तास चालवावं लागतं?

६. नियुक्तीपत्र, पीएफ, विमा आहे का? कामावर इजा झाली तर १९२३ च्या कायद्यापासून कामगाराला भरपाईचा हक्क आहे, तो देण्याची तयारी आहे का?

७. गाडी कोणत्या सालची, टायर-ब्रेक शेवटचे कधी बघितले? किल्ली घेण्याआधी गाडीभोवती एक फेरी मारू देतात का?

सातवा प्रश्न तोंडी विचारूच नका, सरळ फेरी मारा. झिजलेला टायर आणि गंजलेली साखळी शेठपेक्षा खरं बोलतात. आणि त्याच कंपनीचे दोन चालक ढाब्यावर गाठून विचारा, गेल्या महिन्यात घरी कधी गेला होतात. ज्या कंपनीत या प्रश्नाला चालक नुसता हसतो, तिथं पाऊल ठेवण्याआधी दोनदा विचार करा.

लायसन्स काढायच्या आधी शिकायचं कुठं, हेही बघा. हेवी लायसन्स एजंटकडून ‘काढून’ मिळतं, पण ट्रेलर मागे घेताना घोडा उजवीकडे वळवला की पाठ डावीकडे जाते, हे एजंट शिकवत नाही. भोसरीच्या सीआयआरटीतर्फे नाशिक फाट्यावर चालवली जाणारी ड्रायव्हिंग प्रशिक्षण संस्था आपल्याच शहरात आहे. राज्यभरातून लोक तिथं येतात, वाघोलीतून जायला काय हरकत आहे?

आपल्या हातात काय?

आपल्या भागात इंजिनिअरिंग, कॉमर्स, मॅनेजमेंट, सगळी कॉलेजं आहेत. लॉजिस्टिक्स हा विषय अभ्यासक्रमात आहे, त्यात गोदाम, साठा, मार्ग यांची गणितं आहेत. चालकाचे तास हा त्यातला आकडा कुठंच नसतो. प्रोजेक्टसाठी विषय शोधत गूगलवर फिरणाऱ्यांनी एकदा लोणीकंदपर्यंत जावं. वरचे सात प्रश्न घेऊन दहा चालकांशी बोलावं आणि उत्तरं नावं न घेता मांडावीत. एमबीएवाल्यांनी एका पानाचा सोपा मराठी करारनामा तयार करावा, लॉवाल्या मित्राकडून तपासून घ्यावा आणि ओळखीच्या ट्रान्सपोर्टवाल्याला द्यावा. दहापैकी एकानं वापरला तरी जाहिरातीतल्या नंबरच्या वर चार ओळी वाढतील.

आणि उद्या आपल्यातलेच काही जण कंपन्यांच्या डिस्पॅच विभागात बसणार आहेत. ‘गाडी सकाळी सहाला पोहोचलीच पाहिजे’ हा मेसेज तेच पाठवणार आहेत. तेव्हा पाठवायचं बटण दाबण्याआधी अंतर, घाट आणि त्या माणसानं शेवटची झोप कधी घेतली, एवढा हिशेब त्यांनी केला, तरी नगर रोडवरची एखादी रात्र सुखरूप जाईल.